शिंपली उमटलेली नानखटाई

डोंबिवलीत बेकऱ्यांना काय तोटा? शकूच्या चाळीच्या कोपऱ्यावरच एक होती. दिवाळीच्या आधी तिथे बायकांची अशी झुंबड उडायची की भट्टी रात्रंदिवस थंड होत नसे. तरी ही बाई दर वर्षी मैदा, रवा, डालडा, पिठीसाखर असं सगळं पिशवीत कोंबून थेट ठाण्याला जायची आणि स्टेशनच्या पूर्वेला, कोळीवाड्याच्या तोंडाशी असलेल्या उस्मानचाचांच्या भट्टीवर नानखटाई भाजून आणायची. शेजारणी हसायच्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणायच्या. तिचा नवरा आनंद मात्र हसत नसे. पिशवी जड असली की स्टेशनपर्यंत उचलून द्यायचा आणि वर एक शब्द विचारायचा नाही. काही नवऱ्यांना असं शहाणपण असतं. फार थोड्यांना.

ही नानखटाई घरात खाण्यासाठी नव्हती, कंपनीतल्या लोकांना द्यायला होती. वागळे इस्टेटमध्ये विजेचे स्विच बनवणाऱ्या एका कंपनीत शकू पॅकिंगला होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी दिवाळीत सगळ्या बायकांनी एकमेकींना काहीबाही दिलं, कुणी रुमाल, कुणी उटण्याची पुडी. नव्यानं संसार मांडलेल्या शकूला त्यातलं काही परवडणारं नव्हतं. मैदा आणि डालडा मात्र रेशनवर मिळाला होता. तिनं नानखटाई केली, जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाच्या पुड्या बांधल्या आणि भीत भीत टेबलाटेबलावर ठेवल्या. त्या दिवसापासून पॅकिंग खात्यात शकूच्या नानखटाईशिवाय दिवाळी सुरू होत नसे. आश्विन लागला की सुपरवायझर रेगेसाहेबसुद्धा येता-जाता खाकरायचे, "काय शकू, यंदा भट्टी कधी?"

सगळ्यांना वाटायचं, पोरगी हौशी आहे. पोरगी हौशी वगैरे काही नव्हती. तिला त्या भट्टीवर जायला निमित्त हवं होतं.

शकू त्या कोळीवाड्यातलीच. गोमाजी कोळ्याची थोरली लेक. लहानपणी दिवाळीच्या आधी आईचा, मनुबाईचा, पदर धरून ती ह्याच भट्टीवर यायची. तिथल्या ओट्यावर बायका ओळीनं बसून पत्र्यांवर नानखटाई थापायच्या. पत्रे सगळे सारखे, नानखटाई सगळ्यांची गोल. अदलाबदल होऊ नये म्हणून घराघराची खूण ठरलेली. कुणी चारोळी दाबायचं, कुणी शिवणाचं टोपण, कुणी काट्याच्या चमच्यानं फुली. मनुबाई खाडीतल्या तिसऱ्याची शिंपली उलटी दाबायची, की नानखटाईवर तिच्या रेघा पंख्यासारख्या उमटायच्या. पुढे शकू घाटावरच्या, परजातीतल्या आनंदशी लग्न करून मोकळी झाली, तेव्हा घरातून अंगावरच्या साडीशिवाय तिनं काही नेलं नाही. पण पहिल्या दिवाळीला बाजारातून तिसऱ्या आणल्या, त्यातली एक शिंपली घासूनपुसून डब्यात ठेवली, आणि तीच दाबायला लागली. दुसरी खूण तिला सुचलीच नाही.

लग्नाची बातमी घरी कळली त्या दिवशी गोमाजीनं बायकोला अंगणात उभं केलं आणि मुलाच्या, कान्हाच्या, डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घ्यायला लावली. लेकीच्या दारात जायचं नाही, लेकीला दारात घ्यायचं नाही, लेकीशी बोलायचं नाही. ज्या बाईचा एकुलता मुलगा रोज होडी घेऊन खाडीत जातो, तिच्या दृष्टीनं ही शपथ म्हणजे थट्टा नव्हे. हे शकूला मागाहून नात्यातल्या बायकांकडून कळलं. आईवर ती कधी रागावली नाही. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं, राग निदान कधीतरी ओसरतो. तिला नुसती आई हवी होती. रस्त्यात, बाजारात, भट्टीवर, कुठेही. न बोलता का होईना, एकदा समोर बसलेली.

म्हणून ती दर वर्षी सुट्टीच्या दिवशी त्या ओट्यावर येऊन बसायची आणि जमेल तितका वेळ काढायची. डालडा आणि साखर तळहातानं फेसत राहायची, पाण्यात टाकलेली गोळी केव्हाच तरंगायला लागली तरी फेसत राहायची. डोळे रस्त्याकडे. आणि मग न राहवून विचारायची, "चाचा, आमच्याकडची कुणी आली नाही का अजून?"

"अम्मा सुबह सुबह येऊन गेली बेटी," उस्मानचाचा भट्टीतून मान न वळवता सांगायचे. "तू जरा उशीर केलास."

पुढच्या वर्षी शकू सकाळी यायची. तेव्हा अम्मा आदल्या संध्याकाळी येऊन गेलेली असायची. अशी वर्षं चालली होती.

शहाऐंशी सालच्या दिवाळीला मात्र गोष्ट थोडी निराळी होती. शकूला दिवस गेले होते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, नवससायास करून गेले होते, त्यामुळे खात्यातल्या बायकांनी तिला नुसती तळहातावर झेलायची बाकी ठेवली होती. नौपाड्याहून येणाऱ्या मंदाकिनीबाई तिला जड खोका उचलू देत नसत. आंबिवलीची तुळसा रोज डब्यातून काहीतरी आंबट आणायची. आणि दोघी येता-जाता एकच प्रश्न विचारायच्या.

"बाळंतपणाला माहेरी जाणार असशील ना गं? पहिलं म्हणजे माहेरीच."

"हो, बघू," शकू म्हणायची आणि स्विच मोजायला लागायची. सासू तिला नव्हतीच. आनंद चांगला होता, पण पुरुषमाणूस तो, बाळाला अंघोळ कशी घालतात हे त्याला काय ठाऊक? रात्री कूस बदलताना तिला एकच भीती वाटायची. कळा सुरू झाल्या की बाई आई म्हणून ओरडते. आपण ओरडू तेव्हा ऐकायला कोण असेल?

त्या वर्षी ती पोट सावरत भट्टीवर गेली. फेसून, थापून, शिंपली दाबून पत्रा चाचांच्या हवाली केला. चाचांनी तिच्याकडे नीट पाहिलं, मग आतल्या गोणपाटाच्या पडद्याकडे पाहिलं, आणि एकदम तिच्यावर खेकसले, "इथे काय बसलीस धुरात? पोटात बच्चा आहे ना? जा, समोर चहावाल्याच्या बाकड्यावर बस. मी भरून देतो डबा."

शकू मुकाट्यानं जाऊन बसली. तासाभरानं चाचांनी तिचाच डबा गरम गरम भरून तिच्या हातात दिला. झाकण घट्ट लावलेलं होतं. डालड्याच्या वासानं तिला मळमळत होतं, त्यामुळे घरी गेल्यावर तिनं चव बघितली नाही. नाकाला पदर लावून पुड्या बांधल्या. नानखटाईवर शिंपलीच्या रेघा नेहमीसारख्या होत्या. आनंदनं एक मागितली तर, "फराळाआधी तोंड घालायचं नाही," म्हणून त्याच्या हातावर फटका मारला.

दुसऱ्या दिवशी खात्यात पुड्या वाटून झाल्या. रेगेसाहेबांनी आपली पुडी उभ्या उभ्या फस्त केली आणि ते म्हणाले, "यंदा काही औरच झालीये हं." गेटवरच्या वॉचमनला गेली, कॅन्टीनच्या माणसाला गेली, लोडिंगच्या पोरांनी तर कागदासकट चाटली. शकूच्या हातात रिकामा डबा राहिला. तेवढ्यात तुळसानं आपल्या पुडीतली एक काढून तिच्या तोंडाशी नेली.

"तू पण खा गं एक. गरवार बाईनं स्वतःच्या हातचं न खाता लोकांना वाटू नये."

शकूनं नाक मुरडत तुकडा मोडला आणि जिभेवर ठेवला. आधी जायफळ लागलं. मग, गोडाच्या मागून, मीठ.

शकू जायफळ घालत नसे, वेलची घालायची. आणि मीठ नानखटाईत कुणीच घालत नाही. अख्ख्या कोळीवाड्यात एकच बाई घालायची. "खाडीवरच्या मानसाच्या हातान मीठ येनारच," असं म्हणून घालायची.

ती खाली बसली. तुळसा घाबरली, मंदाकिनीबाई पाण्याचा पेला घेऊन धावल्या. शकूला काही झालं नव्हतं. तिच्या तोंडात तिची आई विरघळत होती आणि तिला ती गिळायची नव्हती. शिंपली एकच म्हणून चाचांच्या हातून पत्रे बदलले, आईची नानखटाई आपल्या डब्यात आली, हे तिच्या लख्ख ध्यानात आलं. आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. ती सगळी आपण वाटून टाकली. इतक्या वर्षांनी आईच्या हातचं घरात आलं आणि आपण ते कॅलेंडरच्या कागदात बांधून वॉचमनला दिलं.

मग शकूनं जे केलं त्याची गोष्ट त्या खात्यात पुढे कैक वर्षं सांगत. ती उठली आणि टेबलाटेबलाशी जाऊन दिलेली भेट परत मागायला लागली. "उरलीय का हो एखादी? अर्धी असली तरी चालेल." दिवाळीची वस्तू देऊन परत मागायची! कुणी हसलं, कुणाला राग आला, रेगेसाहेब ओशाळून बोटं पुसायला लागले. वॉचमननं खिशातून चुरा काढून दाखवला. शकूनं तोही घेतला.

मंदाकिनीबाईंनी आपली पुडी नातवंडांसाठी पर्समध्ये नीट ठेवली होती. त्यांनी ती सोडलीसुद्धा नाही, तशीच शकूच्या हातात ठेवली.

"कारण विचारत नाही," त्या म्हणाल्या. "पण अशी रडू नकोस. पोटातलं सगळं ऐकत असतं."

सुट्टी होताच शकू तडक भट्टीवर आली. वाटेत तिनं सगळं जुळवून ठेवलं होतं. आपली वेलचीची नानखटाई आईकडे गेली असणार. आईला ती पहिल्याच घासाला कळली असणार. मग ती बदलून मागायला येईल, चाचांवर तोंड सोडील, निदान कुणाची म्हणून विचारील. आली असेल का? विचारलं असेल का?

भट्टीच्या पायरीवर मासळीची रिकामी पाटी उपडी घातलेली होती. शकूचं तिकडे लक्षच गेलं नाही.

"चाचा, तुम्ही काल पत्रे बदललेत," ती धापा टाकत म्हणाली. "आमच्या आईचा माल मला दिलात. ती आली होती का बदलून घ्यायला? रागावली का?"

उस्मानचाचांनी हातातलं लांब फावडं भिंतीला टेकवलं. आयुष्यभर विस्तवापुढे उभा राहिलेला माणूस, पण त्या वेळी त्याला घाम फुटला.

"उस्मान पत्रा बदलत नाही बेटी. माझ्या बापाच्या वेळेपासून एक पत्रा बदलला नाही या भट्टीत."

"मग?"

"अम्मानं बदलायला लावला. तुझं पोट बघितलं आणि माझा हात धरला. बोलली, माझा सगळा तिला दे, तिचा मला दे. पहिलटकरीण आहे, मायच्या हातचं पोटात जाऊ दे तिच्या."

"बघितलं? कुठून बघितलं? ती तर सकाळी येऊन गेली म्हणालात."

चाचांनी मान खाली घातली. "दर साल खोटं बोललो. अल्ला माफ करेल मला. तू ओट्यावर बसायचीस आणि ती तिथे, पिठाच्या गोण्यांवर." त्यांनी पडद्याकडे हनुवटी केली. "तुझा माल भाजून होईपर्यंत बसायची. समोर गेले तर तोंडाला कुलूप राहायचं नाही बोलायची. आणि गेल्यावर मला विचारायची, पोरगी बारीक झाली का रे? हसत होती का?"

इतक्या दिवाळ्या ती रस्त्याकडे डोळे लावून बसली होती आणि आई पाठीमागे होती. वळली असती तरी पुरे होतं. तिला धाय मोकलून रडावंसं वाटलं आणि त्याच वेळी आपल्या आईचा असा अभिमान वाटला की काय सांगावं.

तेव्हा पडद्यामागे काकणं वाजली.

चाचांनी नुसतं पायरीवरच्या पाटीकडे पाहिलं. आता ती पाटी शकूला ओळखू आली, आईची मासळी विकायची. पडद्याच्या खाली दोन पावलं दिसत होती, भेगाळलेली, पिठानं पांढरी झालेली. शकू दोन पावलं पुढे झाली तशी ती मागे सरकली. शकू थांबली. धरून ओढली तर आई येईल, आणि मग जन्मभर खाडीत गेलेल्या मुलाची वाट बघत उभी राहील. कान्हा तिचाही भाऊ होता.

पण शपथ आईनं घेतली होती, शकूनं नव्हे. आणि आपल्याकडच्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. नवऱ्याचं नाव न घेता त्याच्याशी संसार करणारी, लेकी बोले सुने लागे करत घरं चालवणारी ही जात. शकूनं डोळे पुसले आणि चाचांकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "चाचा, त्या बाईंना सांगा, नानखटाई पोचली."

चाचा गोंधळून पडद्याकडे वळले. आतून घोगरा, ओळखीचा आवाज आला.

"उस्मान, त्या पोरीला इचार, कितवा म्हयना?"

"चाचा, सांगा, सहावा सरत आला."

"सहाव्यान यवरी बारीक? इचार तिला, जेवन जाता का नाय?"

"सांगा, जातं. पण मासळीचा वास सोसत नाही."

"कोल्याची पोर, नी तिला मावऱ्याचा वास सोसत नाय!" पडद्यामागून असा फणकारा आला की चाचांना हसू फुटलं. "जल्ला तो घाटी! इचार, बरा वागवता का तरी तिला?"

"सांगा, फार चांगलं वागवतो."

बोलणं चाललं होतं आणि मध्ये उभे असलेले चाचा एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होते. सांगायला काही उरतच नव्हतं, दोघींना सगळं ऐकू येत होतं. पाव घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं तशीच थांबली.

शकूच्या मनातलं खरं होतं ते मात्र अजून बाहेर आलं नव्हतं. ते आलं तेव्हा तिचा आवाज फाटला.

"चाचा, त्या बाईंना विचारा, पहिलं बाळंतपण कुठे करतात?"

पावलं हलली नाहीत. काकणं वाजली नाहीत. भट्टीत लाकूड फुटल्याचा तेवढा आवाज झाला. आपण नको ते विचारलं असं शकूला वाटलं. ह्याला आईजवळ उत्तर नव्हतं, आणि नसलेलं उत्तर मागून आपण तिला नुसतं पोळलं.

"उस्मान," आतून आवाज आला, आता अगदी बारीक. "तिला सांग, माज्या दारान तिला घ्याला मना येत नाय. तिच्या दारान मना जावाला येत नाय. कान्हाच्या डोक्यावर हात ठेवलाय मी."

"सांगा, मला ठाऊक आहे," शकू म्हणाली. "सांगा, मी तिला दोष देत नाही."

"आयकून घे आदी, म्हनावा!" आवाज पुन्हा चढला. "सरकारी इस्पितलाचा दार माजा नाय, नी तिचा पन नाय. तिला म्हनावा, तिथं नाव घाल, ठान्याला. मावरं विकून मी रोज त्याच वाटेन येतय. गोमाजीनं सगल्या दारांची शपथ घातली नाय मना. घालाला त्याला तेवरी अक्कल नव्हती."

शकू हसली, मग रडली, मग तिला दोन्हींतलं काय चाललंय ते कळेना. चाचांचं भान तिला राहिलं नाही. ती सरळ पडद्याकडे वळली.

"आये, येशील ना गं खरंच? आणि आल्यावर तिथे तरी बोलशील ना माझ्याशी?"

सरळ विचारलेल्याचं उत्तर येणारच नव्हतं. पडद्याखालची पावलं एकमेकांवर घासली गेली. चाचांनी काही न सुचून फावडं उचललं, परत ठेवलं.

"उस्मान, सांग तिला," शेवटी मनुबाई म्हणाली. "तिच्याशी नाय बोलनार मी. पन शपथ लेकीची घेतलंय, नातवंडाची नाय. मी पोराशी बोलन. तिना आयकावा."